बंद करा म्हटल्यावर काय काय बंद होतं

ऑफिसातल्या संगणकावर ‘झेड’ नावाचा एक ड्राइव्ह दिसतो. खरं तर तो त्या संगणकात नसतोच. पलीकडच्या खोलीतल्या, वरच्या मजल्यावरच्या किंवा दुसऱ्याच गावातल्या सर्व्हरवरचा तो एक फोल्डर असतो. सीएच्या ऑफिसात त्यात अशिलांचे हिशेब असतात, आर्किटेक्टकडे नकाशे, छापखान्यात उद्या छापायची पानं. कोणीतरी त्यातली एक फाइल उघडतं, तासभर काम करतं, सेव्ह करतं आणि खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करतं. खिडकी नाहीशी होते आणि आपण उठतो.

त्या क्लिकनंतर जे घडतं, ते मला संगणकाच्या जगातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं. प्रश्न ऐकायला साधा आहे. या यंत्रावर काहीतरी संपलं, ते त्या यंत्राला कळणार कसं? आणि कळलंच नाही तर? गेली चाळीस वर्षं अनेक बुद्धिमान माणसांनी या प्रश्नावर डोकं खर्च केलं आहे आणि त्यांनी काढलेल्या उत्तरांतली काही थक्क करणारी आहेत.

सुरुवात प्रोग्रॅमच्या मरणापासून करू. प्रोग्रॅम जाताना स्वतःची आवराआवर करून जातो, असं आपण धरून चालतो. सभ्य प्रोग्रॅम तसं करतातही, पण ऑपरेटिंग सिस्टिम त्यांच्या सभ्यतेवर विसंबून राहत नाही. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या नावाने कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एक तक्ता ठेवत असतं. याने कोणत्या फाइली उघडल्या, कोणती जोडणी घेतली, सगळं त्यात असतं. या नोंदींना विंडोजमध्ये हँडल म्हणतात, लिनक्समध्ये फाइल डिस्क्रिप्टर. प्रोग्रॅम नीट बंद झालेला असो, मध्येच कोसळलेला असो किंवा टास्क मॅनेजरमधून कोणी त्याला संपवलेलं असो, कर्नल तो तक्ता हातात घेतं आणि एकेक नोंद मिटवत जातं. यातून कोणीही सुटत नाही. लाखो ओळींचा, चुकांनी भरलेला प्रोग्रॅमसुद्धा जाताना फाइली उघड्या टाकून जाऊ शकत नाही, ही हमी आहे. आपण ती इतकी गृहीत धरतो की ती आहे हेच आपल्याला ठाऊक नसतं.

फाइल याच संगणकाच्या डिस्कवर असेल तर काम तिथेच संपतं. ती ‘झेड’वर असेल तर कर्नलचा एक भाग, म्हणजे रिडायरेक्टर, सर्व्हरला ‘क्लोज’ असा संदेश पाठवतो. विंडोजमधले नेटवर्क ड्राइव्ह एसएमबी नावाच्या प्रोटोकॉलवर चालतात. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत हा संदेश फक्त ८८ बाइटांचा आहे. त्यातले ६४ बाइट मथळ्याचे आणि २४ मजकुराचे. त्या २४ मधले १६ बाइट म्हणजे फाइल उघडताना सर्व्हरने दिलेला ओळख क्रमांक. फाइलचं नाव त्यात नसतं. कोणत्या प्रोग्रॅमने ती उघडली होती, हेही नसतं. तो क्रमांक आला की सर्व्हर आपल्या बाजूची नोंद मिटवतो, फाइलवरचं कुलूप निघतं आणि दुसऱ्या टेबलावरच्या माणसाला ती लिहिण्यासाठी उघडता येते.

पण ‘झेड’ मात्र जागच्या जागी राहतो. कारण नेटवर्क ड्राइव्हची जोडणी ही एकच एक गोष्ट नाही. जुन्या वाड्यात दिंडी दरवाजा ओलांडून चौकात यायचं, चौकातून सोप्यावर, सोप्यावरून आतल्या खोलीत, तशी तिची रचना आहे. सर्वांत बाहेर दोन यंत्रांमधली टीसीपी जोडणी, सर्व्हरच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर. तिच्या आत सेशन, म्हणजे कोण आलं आहे, कोणत्या नावाने आणि पासवर्डने. त्याच्या आत ‘ट्री’, म्हणजे कोणता शेअर्ड फोल्डर. आणि सर्वांत आत उघडलेली फाइल. प्रत्येक पातळी उघडण्याचा संदेश वेगळा, आणि आतल्या तीन पातळ्या बंद करण्याचाही वेगळा. प्रोग्रॅम बंद होतो तेव्हा फक्त आतल्या खोलीचं दार लागतं. बाहेरची तिन्ही उघडीच असतात, कारण त्याच वाटेने दुसरे प्रोग्रॅम ये-जा करत असतात.

हे नेहमीच असं नव्हतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम यांनी एसएमबीची पहिली रचना केली. डॉसवर चालणाऱ्या प्रोग्रॅमना ए, बी, सी अशा अक्षरांचे ड्राइव्ह एवढंच जग माहीत होतं. त्या प्रोग्रॅमचा एक शब्दही न बदलता त्यांची फाइल दूरच्या यंत्रावर ठेवायची, ही कल्पना. त्या मूळ प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक संदेशासोबत प्रोग्रॅमचा क्रमांक जात असे आणि ‘प्रोसेस एक्झिट’ नावाचा एक खास संदेशही होता. अमुक क्रमांकाचा प्रोग्रॅम संपला, त्याच्या नावावर जे काही उघडं असेल ते बंद करा, असा त्याचा अर्थ. मरणाची खबर यंत्राने यंत्राला द्यावी, याची रीतसर सोय! पुढे लॅन मॅनेजर या नेटवर्क प्रणालीच्या काळात हा संदेश मोडीत निघाला आणि एसएमबीच्या दुसऱ्या आवृत्तीत शंभराहून अधिक आज्ञांच्या जागी अवघ्या १९ राहिल्या, त्यांत तो नाही. मला हा बदल योग्य वाटतो. ज्या कर्नलला प्रोग्रॅमची प्रत्येक फाइल माहीत आहे, त्याने एकेक फाइल मिटवून सांगावं. सर्व्हरने दुसऱ्याच्या घरातली जन्म-मृत्यूची नोंदवही कशाला ठेवायची?

मग ‘झेड’ कोणाचा? अनेक प्रोग्रॅमरही इथे अडखळतात. विंडोज एक्सपीपासून ड्राइव्हचं अक्षर हे लॉगिन सेशनच्या मालकीचं असतं. तुम्ही पासवर्ड टाकून आत आलात की तुमच्या नावाने एक सेशन सुरू होतं आणि ‘झेड’ त्याला जोडला जातो. तो जोडणारा प्रोग्रॅम मेला तरी ‘झेड’ मरत नाही. तुम्ही लॉगआउट केलंत की तो जातो. जोडताना ‘पुन्हा लॉगिन केल्यावर जोडा’ असं सांगितलं असेल तर रजिस्ट्रीत त्याची नोंद राहते आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर होतो. यातूनच एक कोडं तयार होतं. व्हिस्टापासून ॲडमिनिस्ट्रेटरला दोन ओळखी मिळतात, एक साधी आणि एक वरच्या अधिकारांची, आणि विंडोजच्या दृष्टीने ती दोन वेगळी सेशन आहेत. म्हणून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडलेल्या प्रोग्रॅमला, त्याच माणसाच्या त्याच पडद्यावर, ‘झेड’ दिसतच नाही. माणूस तोच, खुर्ची तीच, पण ड्राइव्ह गायब. कारण कळलं की हे चक्रावून टाकणारं वागणं अगदी तर्कशुद्ध वाटू लागतं.

पॉवरशेलमध्ये हा भेद एका शब्दावर येऊन थांबतो. ‘न्यू-पीएसड्राइव्ह’ ही आज्ञा नुसती दिली तर तयार झालेला ड्राइव्ह त्या पॉवरशेलपुरताच असतो. खिडकी बंद, ड्राइव्ह बंद. त्याच आज्ञेला ‘पर्सिस्ट’ जोडलं की तो खरा विंडोजचा ड्राइव्ह होतो आणि पॉवरशेल गेल्यावरही मागे राहतो. रोज रात्री चालणारी बॅकअपची स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने आपल्याला यांतलं कोणतं हवं आहे, हे आधी ठरवलेलं बरं.

प्रोग्रॅमने स्वतः ड्राइव्ह जोडला असेल तर जाताना तो तोडावा का? तोडावा, पण तो आपणच जोडला आहे याची खात्री करून. आधीपासून असलेला ‘झेड’ आपल्या सोयीसाठी वापरायचा आणि जाताना तोडून टाकायचा, हा दुसऱ्यांच्या कामावर घाव आहे. विंडोजने इथेही एक काळजी घेतली आहे. जोडणी तोडण्याच्या आज्ञेत ‘जबरदस्तीने’ असा पर्याय असतो. तो न निवडता तोडायला गेलात आणि त्या ड्राइव्हवर कोणाची फाइल उघडी असेल, तर विंडोज नकार देतं आणि २४०१ हा चूक क्रमांक परत येतो: या जोडणीवर फाइली उघड्या आहेत. जबरदस्तीचा पर्याय निवडणाऱ्या प्रोग्रॅमरने त्या उघड्या फाइलींत कोणाचं न जतन केलेलं काम आहे याचा क्षणभर विचार करावा, एवढंच माझं मागणं आहे. त्याहून चांगला रस्ता म्हणजे अक्षराच्या भानगडीत न पडता सर्व्हरच्या नावासह पूर्ण पत्ता वापरायचा. मग मागे राहायला अक्षरच उरत नाही.

कधी कधी सगळे प्रोग्रॅम बंद केलेले असतात, तरी ड्राइव्ह वापरात असल्याची तक्रार येते. बऱ्याचदा प्रोग्रॅमने जाण्याआधी एखादा मदतनीस प्रोग्रॅम सुरू केलेला असतो आणि आपली उघडी हँडलं त्याला वारसा म्हणून दिलेली असतात. आई गेली, लेकरू फाइल धरून बसलं. आणि फाइल उघडायचीही गरज नसते. एखादी कमांडची खिडकी नुसती ‘झेड’वरच्या फोल्डरमध्ये उभी असली, तरी ती त्या फोल्डरला धरून असते. लिनक्सवर अशा वेळी ड्राइव्ह उतरवायला गेलं की ‘टार्गेट इज बिझी’ असं उत्तर येतं, आणि ‘एलएसओएफ’ किंवा ‘फ्यूजर’ या आज्ञा धरून बसलेल्याचं नाव सांगतात.

आता ज्या युक्तीने मी पहिल्यांदा वाचताना पुस्तक खाली ठेवलं होतं, तिच्याकडे येतो. डॉसमधल्या बॅच फाइली चालवण्याची पद्धत विचित्र होती. फाइल उघडायची, एक ओळ वाचायची, फाइल बंद करायची, ती ओळ अमलात आणायची आणि पुढच्या ओळीसाठी पुन्हा उघडायची. स्थानिक डिस्कवर हे चालून जातं, पण नेटवर्कवर प्रत्येक ओळीमागे उघड-बंदच्या फेऱ्या. यावर उपाय म्हणून ‘बॅच ऑपलॉक’ आला. सर्व्हर क्लायंटला, म्हणजे फाइल मागणाऱ्या संगणकाला, सांगतो, ही फाइल सध्या तुझ्याशिवाय कोणी वापरत नाही. त्या भरवशावर क्लायंट एक विलक्षण गोष्ट करतो. प्रोग्रॅमने फाइल बंद केली तरी तो सर्व्हरला कळवतच नाही! फाइल प्रोग्रॅमच्या दृष्टीने मिटली, सर्व्हरच्या दृष्टीने उघडीच. प्रोग्रॅमने लगेच पुन्हा उघडली तर क्लायंट तीच उघडी फाइल त्याच्या हाती देतो. नेटवर्कवर एक बाइटही जात नाही.

मग दुसऱ्या कोणाला ती फाइल हवी झाली तर? सर्व्हर त्याला थांबवतो आणि पहिल्या क्लायंटला कळवतो, तुझी सवलत संपली. क्लायंट पाहतो, आपल्याकडे ही फाइल खरोखर कोणी वापरत नाही. तो आता, इतक्या उशिरा, तिला बंद करतो. पलीकडच्याला फाइल मिळते. क्लायंटकडून उत्तर आलं नाही तर विंडोज सर्व्हर साधारण ३५ सेकंद वाट पाहतो आणि पुढे जातो. विंडोज ७ सोबत आलेल्या एसएमबी २.१ मध्ये या कल्पनेचं ‘लीज’ झालं आणि ती आजही रोज काम करते आहे. म्हणून सर्व्हरवरच्या ‘उघड्या फाइली’ या यादीत, कधीच बंद केलेली फाइल दिसली, तर तो दरवेळी बिघाड नसतो. मधला कोणीतरी ती पुन्हा लागेल म्हणून धरून असतो.

सनची एनएफएस अगदी उलट टोकाला उभी होती. १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समध्ये घडलेल्या या प्रोटोकॉलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत फाइल उघडण्याचा किंवा बंद करण्याचा संदेशच नव्हता. सर्व्हर काहीही लक्षात ठेवत नसे. प्रत्येक मागणी स्वतःत पूर्ण: या फाइलच्या इतक्याव्या बाइटपासून इतके बाइट दे. सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा उठला तरी क्लायंट तीच मागणी पुन्हा करतो आणि काम पुढे चालू. प्रोग्रॅम मेला काय, जगला काय, सर्व्हरला घेणंदेणं नाही. किती मोकळं जगणं!

पण या मोकळेपणाची किंमत होती. युनिक्समध्ये उघडी फाइल डिलीट करता येते. तिचं नाव जातं, मजकूर मात्र शेवटचा वापरणारा तिला बंद करेपर्यंत जिवंत राहतो. अनेक प्रोग्रॅम यावर विसंबून असतात. फाइल कोणी उघडली आहे हेच ज्या सर्व्हरला माहीत नाही, तो हे कसं पाळणार? तेव्हा क्लायंटने एक सोंग घेतलं. उघडी फाइल डिलीट करायला सांगितलं की तो ती डिलीट न करता तिचं नाव बदलतो. डॉट-एनएफएसने सुरू होणारं, आकड्या-अक्षरांचं एक लांबलचक नाव. प्रोग्रॅमने फाइल बंद केली की मग तो ती खरोखर पुसतो. तंत्रज्ञ याला ‘सिली रिनेम’ म्हणतात, पण मला त्यात काहीच खुळेपणा दिसत नाही. मधल्या वेळात क्लायंट यंत्रच बंद पडलं तर मात्र त्या फाइली सर्व्हरवर अनाथ होऊन पडतात. सोलारिसमध्ये आठवड्याहून जुन्या अशा फाइली शोधून काढून टाकणारी एक स्क्रिप्टच दिलेली असे.

एनएफएसचा आणखी एक नियम असा, की प्रोग्रॅम फाइल बंद करतो त्या क्षणी, तोवर स्मृतीत साठवलेलं सगळं लिखाण सर्व्हरकडे गेलं पाहिजे. म्हणजे सर्व्हरवर जागा संपली असेल तर ते लिहिताना कळेलच असं नाही. ते बंद करताना कळतं. लिनक्सच्या ‘क्लोज’ या आज्ञेचं माहितीपत्रक याबद्दल स्पष्ट इशारा देतं, तरी बंद करताना आलेलं उत्तर न तपासणारे प्रोग्रॅम आजही लिहिले जातात. आणि प्रोग्रॅमला मध्येच मारलं असेल तर? कर्नल त्याच्या वतीने फाइली बंद करतं, सर्व्हरकडून ‘जागा नाही’ असं उत्तर येतं, आणि ते ऐकायला कोणी शिल्लक नसतं. नेटवर्क ड्राइव्हवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमला उगाच ‘एंड टास्क’ करू नये, याचं मला माहीत असलेलं सर्वांत पटणारं कारण हे आहे.

आतापर्यंत क्लायंट यंत्र जिवंत होतं. वीज गेली, केबल निघाली, लॅपटॉप मिटून कोणी घरी गेलं तर ते ८८ बाइट पाठवणार कोण? सर्व्हरला फक्त शांतता ऐकू येते. आणि शांततेवरून यंत्र मेलं आहे की नुसतं उशीर करतंय, हे ओळखता येत नाही. या विषयाचा सगळा कस इथे लागतो. टीसीपीची स्वतःची विचारपूस फार सावकाश चालते. १९८९ च्या आरएफसी ११२२ ने ठरवल्याप्रमाणे जोडणी गप्प राहिल्यावर पहिली चौकशी किमान दोन तासांनी, आणि तीही आधी कोणी ही सोय चालू केली असेल तर. दोन तास हिशेबाची फाइल कुलुपात! म्हणून वरच्या प्रोटोकॉलना आपापली घड्याळं लावावी लागली. एनएफएसची चौथी आवृत्ती २००० मध्ये आली, तिने जुना विसराळूपणा सोडला आणि भाडेपट्ट्याची पद्धत घेतली. क्लायंटने ठरावीक मुदतीत ‘मी आहे’ असं कळवत राहायचं. लिनक्स सर्व्हरवर ही मुदत सहसा ९० सेकंदांची असते. मुदत उलटली की त्याची कुलपं इतरांना मोकळी होऊ शकतात.

उलट बाजूने सर्व्हर गप्प झाला तर प्रोग्रॅमची अवस्था कठीण होते. लिनक्सवर ‘हार्ड’ पद्धतीने जोडलेल्या एनएफएस ड्राइव्हवर वाट पाहणारा प्रोग्रॅम पूर्वी मारताही येत नसे. यंत्र पुन्हा सुरू करणं हाच इलाज. २००८ मध्ये लिनक्स २.६.२५ मध्ये मॅथ्यू विल्कॉक्स यांच्या कामामुळे ‘किलेबल’ अशी नवी अवस्था आली: वाट पाहत राहा, पण मारायलाच आलं कोणी तर मरण्याची मुभा आहे. कर्नलमध्ये एक शब्द वाढला आणि असंख्य सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरांच्या रात्री वाचल्या असतील.

एसएमबीने या शांततेला दिलेलं उत्तर मला सर्वांत उदार वाटतं. त्या १६ बाइटांच्या क्रमांकाचे खरं तर दोन तुकडे असतात, आठ-आठ बाइटांचे. एक अस्थिर, जोडणीबरोबर जाणारा, दुसरा टिकणारा. केबल निघाली तर ‘ड्युरेबल हँडल’ घेतलेली फाइल सर्व्हर लगेच मिटत नाही. काही काळ राखून ठेवतो. क्लायंट परत आला, टिकणारा तुकडा दाखवला, की जिथे सोडलं तिथून काम पुढे. वर्डमध्ये टाइप करणाऱ्याला वायफाय दोन श्वास गेलं होतं हे कळतही नाही.

२०१२ मध्ये विंडोज सर्व्हरसोबत एसएमबी ३ आला, तेव्हा ही कल्पना आणखी पुढे गेली. आता सर्व्हरच मेला तर? ‘पर्सिस्टंट हँडल’मध्ये उघड्या फाइलींची नोंद सर्व्हर स्मृतीत न ठेवता टिकाऊ जागी लिहून ठेवतो. तो कोसळला की क्लस्टरमधला, म्हणजे मिळून काम करणाऱ्या सर्व्हरांच्या गटातला, दुसरा सर्व्हर ती नोंद उचलतो. क्लायंटने टीसीपी थकण्याची वाट पाहत बसू नये म्हणून ‘विटनेस’ नावाची वेगळी सेवा क्लस्टरच्या दुसऱ्या यंत्रावर चालते आणि तीच क्लायंटला कळवते, तिकडचा गेला, इकडे ये. हायपर-व्हीवरच्या आभासी यंत्रांच्या डिस्क अशा शेअर्ड फोल्डरवर ठेवता येतात. एक सर्व्हर जातो, दुसरा उभा राहतो, क्लायंट आपला जुना क्रमांक दाखवतो, आणि नव्या सर्व्हरवर ती फाइल त्याच्या नावाने, त्याच कुलपासह उघडी मिळते.